पितळाखालचा श्वास

फोन करायचा म्हटलं की वाहुळमामा आधी पाणी प्यायचे. मग चष्मा पुसायचे. मग माझ्याकडं बघून विचारायचे, "ताई, समोरचा मानूस जेवत तर नसंल ना आत्ता?" घड्याळात सकाळचे साडेदहा वाजलेले असायचे. "नाही जेवत मामा, लावा," असं मी म्हटलं की ते नंबर लावायचे आणि दोन रिंगा झाल्या की स्वतःच बंद करायचे. "उचलत नाय," असं सांगताना त्यांचा चेहरा परीक्षा पुढं ढकललेल्या पोरासारखा सैल व्हायचा.

किसन वाहुळ त्यांचं नाव. उस्मानपुऱ्यात एका इमारतीच्या तळघरात आमचा स्टुडिओ होता. तिथं ते मिक्सिंग करायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: दहा-बारा माईकवर वेगवेगळं टिपलेलं वाजवणं एकत्र बसवायचं, कुणाला पुढं आणायचं, कुणाला मागं सारायचं, याला मिक्सिंग म्हणतात. मी त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर एडिटिंगला होते. मामांच्या हाती काम जाण्याआधी साफसफाई माझी. खोकला, खुर्चीची करकर, सुरांच्या मधले श्वास, सगळं कापून टाकायचं. अकरा वर्षं आमच्या दोघांच्या खुर्च्यांमधे दोन हातांचं अंतर होतं, आणि त्या अंतरातून त्यांची भीती मला रोज दिसायची.

ते लिफ्टला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे. आभाळ गडगडलं की सगळ्या यंत्रांचे प्लग काढून ते हातात धरून बसायचे. केलेलं काम पुसलं जाईल याची इतकी धास्ती, की प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती काढायचे. एक स्टुडिओत, एक मालकांच्या घरी आणि एक पुंडलिकनगरला स्वतःच्या घरात, गव्हाच्या कोठीत. "गहू कोन चोरतंय आजकाल," म्हणायचे.

आमचे मालक संजूभाऊ त्यांना तोंडावर 'भित्री भागूबाई' म्हणायचे. मामा हसायचे. एकदा मात्र फार झालं. एका मोठ्या ग्राहकाचं रेकॉर्डिंग चाललं होतं, गाणारी मंडळी आत, रंगात आलेली. मामांनी एकाएकी सगळं थांबवलं. "जळतंय," म्हणाले. "वायर जळतीय. सगळे वर चला." सतरा-अठरा माणसं जिना चढून रस्त्यावर आली. अग्निशमन दलाला फोन मी केला, कारण मामा वर आलेली माणसं मोजत होते. वर आल्यावर कळलं की पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू मसाल्यासाठी मिरच्या भाजत होत्या. ग्राहक पुन्हा आला नाही. संजूभाऊ आठवडाभर मामांशी बोलले नाहीत. मामा मात्र मला हळूच म्हणाले, "मिरच्या निघाल्या, बरंच झालं की."

अशा माणसाकडं शहरातले बँडवाले रांग लावायचे. नुसते शहरातले नव्हे, जालन्याचे, बीडचेसुद्धा. कारण पितळेची वाद्यं मामांसारखी कुणाला बसवता यायची नाहीत. ट्रम्पेट, ट्रम्बोन, युफोनियम या सगळ्यांना ते मिळून 'पितळ' म्हणायचे. बंद खोलीत आठ-दहा जणांनी एकदम पितळ फुंकलं की बाकीचं काही उरत नाही. सामान्य मिक्सिंगवाला ट्रम्पेट पुढं ठेवतो, कारण लोकांना तेच ओळखू येतं. मामा उलट्या बाजूनं सुरू करायचे. आधी युफोनियम, ते मांडीवर घेऊन वाजवायचं गुबगुबीत वाद्य. ते एकटं लावायचे आणि अर्धा तास त्याच्याच मागं असायचे. मग ट्रम्बोन एका कडेला. ट्रम्पेट सगळ्यांत शेवटी, आणि तेही त्याच्या आवाजातला कानाला टोचणारा भाग काढून, इतकं खाली की आता ते हरवणार असं वाटावं. तिथून केसभर वर.

एवढं झालं की ते जिना चढून रस्त्यावर जायचे. मी खाली ते वाजवायचं आणि त्यांनी पानटपरीपाशी उभं राहून, मधे दोन दारं बंद असताना, ऐकायचं. "चाल कळली पायजे, पर अंगावर आली नाय पायजे."

आणि एक सवय होती, जिच्यापायी संजूभाऊ डोकं धरून बसायचे. सगळं जमल्यावर मामा पुन्हा एकेक वाद्य वेगळं काढायचे आणि डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकटं ऐकायचे. दहा वाद्यं, तर दहा वेळा. त्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मी एकदा विचारलं, "मामा, सगळं झालंय की. आता काय ऐकता?"

"काय राह्यलंय का, ते," म्हणाले.

मला वाटायचं, कामाचा नाद आहे. तो नाद नव्हता हे रशीदभाईंच्या वेळी कळलं.

रशीदभाई म्हणजे औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतले बँडमास्तर. वय बासष्ट, उंच, कडक इस्त्रीचा कोट, मिशीला तेल. बँड त्यांच्या वडिलांचा, आणि मामा तरुणपणी त्याच बँडमधे दुसरं ट्रम्पेट वाजवायचे. हे मला ठाऊक होतं. का सोडलं ते ठाऊक नव्हतं. रशीदभाई आले की दोघांचं भांडण ठरलेलं.

"क्या किसन, मेरे बाजे को परदे में बिठा दिये तुम?"

"परद्यात नाय उस्ताद, सावलीत बशिवलंय."

"मैं दूल्हे के आगे चलने वाला आदमी. मेरे कू सावली कायकू?"

त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं त्यांच्या बँडच्या आठ धुना मागितल्या होत्या. चांगलं काम होतं. बँडची मागणी कमी होत चाललेली, लग्नात डीजे आलेला. रशीदभाईंना हे हवंच होतं. सगळ्या बँडचं वाजवणं आधी एकत्र घेतलं आणि मुख्य ट्रम्पेट नंतर चार दिवस, काचेच्या खोलीत एकट्या रशीदभाईंना उभं करून. शेवटची धून होती बिदाईची. त्यांच्या वडिलांनी बसवलेली. मुलगी मांडवातून निघताना वाजवायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी बिदाई साफ करून मामांकडं सरकवली. त्यांनी हेडफोन लावले. दहा मिनिटांनी काढले आणि म्हणाले, "ताई, काय काय कापलं यातलं?"

"नेहमीचंच. श्वास."

"लई हायत का?"

"आहेत जरा."

"परत आन सगळे."

आमच्या कामात कापलेलं कायमचं जात नाही, परत आणता येतं. मी आणलं. मग मामांनी बाकी सगळी वाद्यं बंद केली, एवढंच नव्हे तर ट्रम्पेटचे सूरही दाबले आणि फक्त सुरांच्या मधल्या जागा मोठ्या केल्या. मी दुसरा हेडफोन लावला.

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी तोच आवाज दुपारभर तुकड्यातुकड्यानं कापत होते, पण कचरा म्हणून. आता तो सलग आला. माणूस तोंडानं हवा ओढतोय, आणि ओढण्याच्या शेवटी काहीतरी अडतंय, ओल्या फडक्यातून वारा यावा तसं. मग सूर. मग पुन्हा ते.

मामांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "मी घरून येतो," म्हणाले, आणि तासाभरानं कोठीतली एक डिस्क घेऊन आले. तिला अजून गव्हाचा वास होता. सात वर्षांपूर्वी रशीदभाईंनी हीच बिदाई आमच्याकडं वाजवली होती. आम्ही दोघांनी कागद घेतला आणि मोजलं. जुन्या बिदाईत सतरा श्वास. नव्यात एकोणतीस.

"सात वर्षांत माणूस म्हातारा होतो, मामा," मी म्हणाले. मलाच ते पटत नव्हतं.

"व्हतो की. पर पहिल्या दिवशीचं घे." पहिल्या दिवशी रशीदभाईंनी बिदाईचा नमुना म्हणून एक फेरी वाजवली होती. तिच्यात बावीस निघाले. "चार दिसांत कोन म्हातारं व्हतं ताई?"

त्या दिवशी मामांनी पाणी न पिता फोन लावला. तिकडून उचलेपर्यंत धरून ठेवला. रशीदभाईंचं हसणं मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं. मामा एवढंच म्हणत होते, "डॉक्टरला दाखवा उस्ताद. एकडाव दाखवा." मग फोन बंद झाला, आणि या वेळी तो त्यांनी बंद केला नव्हता.

संजूभाऊंना कळलं तेव्हा ते चिडले नाहीत, थकल्यासारखे बसले. "मामा, पुन्हा मिरच्या का?"

"असतील मिरच्या."

"परवा कंपनीला द्यायचंय."

"सात देतो. आठवीला मी हात लावनार नाय. उस्ताद दवाखान्यात जाऊन येऊ दे."

"आणि नाही गेले तर?"

मामांनी बिदाई बंद केली आणि पहिली धून लावली. मालकापुढं 'नाही' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "ताई, तू येती का माझ्यासंगं? एकट्याला नाय जमायचं." रिक्षानं आम्ही औरंगपुऱ्याला गेलो आणि तिथून गल्लीत चालत. मामांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि हेडफोन. दारापाशी येऊन ते तीनदा मागं फिरले. चौथ्या वेळी दार मीच वाजवलं.

नसीमआपांनी, रशीदभाईंच्या बायकोनं, दार उघडलं. रशीदभाई खाटेवर लोडाला टेकून बसले होते. आम्हाला बघून आधी खूश झाले, चहा सांगितला. मग मामांनी कागद पुढं केला. सतरा, बावीस, एकोणतीस.

"ये क्या है?"

"तुमचे श्वास हायत, उस्ताद."

रशीदभाईंचा चेहरा कसा बदलत गेला ते मी सांगू शकणार नाही. आधी हसू आलं, ते अर्ध्यात थांबलं. कागद त्यांनी खाटेवर ठेवला, तोही उलटा.

"मैं बजाया सो सुनने कू बोला था तुमको. ये सुनने कू किसने बोला?"

"कुनी नाय."

"चालीस बरस मैं साँस छुपा के बजाया. बाप ने यही सिखाया, लोगों कू सुर दिखना, साँस नहीं दिखना. और तुम अंदर बैठ के वही गिन रहे?"

"उस्ताद, एकडाव फक्त—"

"एक बंडू मर गया तो तुमको हर आदमी मरता दिखता, किसन!"

बंडू कोण ते मला माहीत नव्हतं, पण मामा जागच्या जागी लहान झाल्यासारखे दिसले. त्यांनी पिशवी उचलली. आम्ही उठलो.

तेवढ्यात नसीमआपा मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चहाचा ट्रे हातात तसाच. "भाई, मेरे कू सुनाओ," म्हणाल्या.

"नसीम, अंदर जाओ," रशीदभाई म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. ट्रे खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि मामांसमोर बसल्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. लॅपटॉप मी उघडला. मामांनी दोन्ही हातांनी हेडफोन त्यांच्या हाती दिले, औषध द्यावं तसे.

मिनिटभर त्या ऐकत होत्या. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी हेडफोन काढले.

"ये तो मैं रोज सुनती," त्या म्हणाल्या. "ये सोते तब ऐसाच आवाज आता. दो महीने से तीन तकिये लेते. लेट के नींद नहीं आती इनको. मैं समझी, उमर हुई." मग नवऱ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, "कल जाना है."

रशीदभाई भिंतीकडं बघत राहिले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी सलामही केला नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर मामा बसले. मला वाटलं चक्कर आली, पण तसं नव्हतं. समोर दुपारची गर्दी होती, दुचाक्या हॉर्न देत घुसत होत्या, आणि मामा कुणाकडंही न बघता बोलायला लागले.

बंडू त्यांचा धाकटा भाऊ. तोही बँडमधेच, झांजा वाजवायचा. एका गावात दुपारचं लग्न होतं. वरात चढावरून चालली होती. पुढं बँड आणि सगळ्यांत मागं जनरेटर ठेवलेला टेम्पो. झांजेचा पट्टा तुटला म्हणून बंडू मागं राहिला होता, टेम्पोच्या पाठीमागं, भिंतीला टेकून पट्टा बांधत. टेम्पोचा ब्रेक सुटला आणि तो उतारावरून मागं आला.

"लोक सांगतात, त्यानं तीन हाका मारल्या," मामा म्हणाले. "'दादा' म्हनून. पयली जोरात, मग बारीक बारीक. मी पंधरा-वीस पावलांवर व्हतो ताई. डोळे मिटून वरचा सूर लावला व्हता. लई चांगला लागला व्हता तो सूर. लोकं नाचत व्हती. मला एकबी हाक ऐकू आली नाय. टाळ्या ऐकू आल्या."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"पितळ कसंय, त्याच्याखाली मानूस मेला तरी कळत नाय," ते म्हणाले. "म्हनून मी एकेक येगळं काढून ऐकतो. लोकं म्हनतात मामा भेतो. व्हय, भेतो की."

त्यानंतरचे दोन दिवस मी स्टुडिओत बसून काहीच काम केलं नाही. आतापर्यंत भीती मामांची होती, मी ती बघायचे. आता ती मला लागली. रशीदभाई दवाखान्यात गेले का, कुणाला विचारायचं? मामा फोनकडं बघत बसायचे, मी मामांकडं. मला घरी नवऱ्याचं घोरणं ऐकतानासुद्धा धडधडायला लागलं. गेल्या अकरा वर्षांत मी किती जणांचे श्वास कापून फेकले असतील, आणि त्यांतल्या कुणाकुणाचे अडत होते, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जाईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी नसीमआपांचा फोन आला, तोही संजूभाऊंना. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, पुष्कळच. डॉक्टरांनी विचारलं होतं, हा माणूस करतो काय? ट्रम्पेट फुंकतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली होती. आणखी चार दिवस अशा जोरानं फुंकलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही, असं म्हणाले. ऑपरेशन ताबडतोब करावं लागणार होतं. संजूभाऊंनी हे सगळं आम्हाला उभ्यानंच सांगितलं. मग ते मामांच्या टेबलापाशी आले, त्यांचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा सांगायला वर निघून गेले.

मला वाटलं होतं, आता मामांना हलकं वाटेल. तसं झालं नाही. ऑपरेशनच्या सकाळी ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी उभे होते, आत यायला तयार नव्हते. "आतून कोनी आलं तर त्याच्या चेहऱ्याकडं तू बघ," मला म्हणाले. "मी नाय बघनार." पाच तास ते तिथंच होते. मधे एकदा गाडीमागं जाऊन ओकले. "मीच सांगितलं ना जा म्हनून," एवढंच पुटपुटत होते. "ऑपरेशनातच काय झालं तर? घरी बरा व्हता मानूस."

रशीदभाईंचा धाकटा भाऊ बाहेर आला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं. मी होकाराची मान हलवली. मामा मटकन बाकड्यावर बसले आणि चहावाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास पुढं केला.

माणूस वाचला. पण ट्रम्पेट सुटलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा फुंकायचं नाही. रशीदभाईंनी चार महिने मामांचं नाव घेतलं नाही. कुणीतरी त्यांचं बोलणं येऊन सांगितलं: "किसन ने मेरे कू बचाया, हौ, मगर आधाच." मामांनी ते ऐकलं आणि खाली मान घालून काम करत राहिले. कंपनीला सात धुना गेल्या होत्या. आठवीची वाट बघायला ते लोक तयार झाले. मामांनी बिदाई बसवायला घेतली. या वेळी ट्रम्पेट त्यांनी जरा पुढं ठेवलं आणि मला बजावलं, "श्वास राहू दे सगळे." एकोणतीसच्या एकोणतीस. संजूभाऊंनासुद्धा ते आवडलं.

मग एका सकाळी रशीदभाई स्वतः आले. जिना उतरायला त्यांना वेळ लागला, प्रत्येक पायरीवर थांबत. कोट तोच, पण आता खांद्यावर ढिला. मामा उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. रशीदभाईंनी हात पुढं केला आणि मामांनी त्यात हेडफोन ठेवले.

त्यांनी बिदाई पूर्ण ऐकली. ही त्यांची शेवटची होती. आता कुणीही कितीही म्हटलं तरी ते ती पुन्हा वाजवू शकणार नव्हते. संपल्यावर हेडफोन काढून हातात घेतले.

"साँस रख दिये तुम," म्हणाले.

"व्हय."

"कायकू?"

"त्यानंच तर कळलं, उस्ताद."

"तुमको कळलं, बस हुआ. लोगों कू कायकू?" त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही. "ये अब्बा की धून है किसन. लड़की घर से निकलती ये सुन के. उसकू बूढ़े की बीमारी नक्को सुनाओ. निकालो."

मामांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मला वाटलं, ते वाद घालतील. त्यांनी घालावा असंही वाटलं. पण त्यांनी मान वळवून मला सांगितलं, "ताई, काढ."

दोघं माझ्या मागं खुर्च्या ओढून बसले. मी एकेक श्वास निवडून कापत गेले, पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक कापल्यावर मामा मागून म्हणायचे, "व्हय." आणि रशीदभाई म्हणायचे, "आगे." एकोणतिसावा झाला तेव्हा दुपार झाली होती. मग दोघांनी मिळून ती ऐकली, एकेका कानाला हेडफोनची एकेक बाजू धरून, आणि ट्रम्पेट किती वर घ्यायचं यावरून त्यांचं पुन्हा भांडण सुरू झालं.

आज ती धून बाजारात आहे, फोनवर कुणालाही मिळते. तीत एकही श्वास नाही. इतकं सलग कसं वाजवलं असेल, असं लोक विचारतात.

मामा गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला ते शेवटचे दिसले ते त्याच्या दोनेक महिने आधी. मी रिक्षातून औरंगपुऱ्याकडून येत होते, संध्याकाळचे पाच वाजले असतील, रस्ता तुंबलेला. रिक्षा थांबली तिथं समोरच, रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर, दोन म्हातारे उभे होते. रशीदभाईंनी मामांचं मनगट धरलं होतं आणि दुसरा हात वर करून गाड्यांना थांबायला सांगत होते, वरातीपुढं चालताना करायचे तसा. कुणी थांबत नव्हतं. मधेच जराशी फट पडली की रशीदभाई एक पाऊल खाली टाकायचे, आणि मामा त्यांना कोटाला धरून मागं ओढायचे. मग रशीदभाई त्यांच्यावर ओरडायचे. हॉर्नमधे शब्द कळत नव्हते. पुन्हा फट, पुन्हा पाऊल, पुन्हा ओढणं.

मी हाक मारणार होते, पण मला वाटलं, मामा दचकतील. तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि रिक्षा सुटली. मी बाहेर डोकं काढून मागं पाहत राहिले. दिसेनासे होईपर्यंत ते दोघं तिथंच होते, एकमेकांना धरून.